रस्त्याचं दरपत्रक

१९६२ साली अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणवाल्या कंपनीने एक स्पर्धा जाहीर केली. 'कार ५४' नावाच्या तेव्हाच्या विनोदी मालिकेतले टूडी आणि मल्डून हे दोन पोलीस शिकागोहून गाडी काढणार, नकाशावर दिलेली सगळी ठिकाणं पालथी घालणार आणि शिकागोला परतणार. शिकागो धरून ठिकाणं ३३. सर्वांत कमी मैलांचा फेरा शोधून देणाऱ्याला १०,००० डॉलर. ३३ ठिकाणं म्हणजे फार नव्हेत असं वाटतं, पण त्यांना जोडणारे निरनिराळे फेरे मोजले तर ती संख्या ३६ आकडी निघते. संगणकशास्त्र शिकलेल्या कुणालाही हा फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न माहीत असतो. आमच्या अभ्यासक्रमात तो मुख्यतः विद्यार्थ्यांचा गर्व उतरवायला ठेवलेला होता.

त्याच वर्षी जॉन स्टाईनबेकचं 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' बाजारात आलं, आणि त्याच वर्षी त्याला नोबेलही मिळालं. आजारपणातून उठलेला ५८ वर्षांचा हा लेखक १९६०च्या सप्टेंबरात लाँग आयलंडवरच्या सॅग हार्बरहून निघाला होता. जीएमसीचा पिकअप ट्रक, त्याच्या पाठीवर खास बनवून घेतलेली खोली, आत पलंग, शेगडी, फ्रीज, आणि सोबतीला चार्ली नावाचा म्हातारा पूडल. ट्रकला त्याने डॉन किहोतेच्या घोड्याचं नाव दिलं, रोसिनांते. आज ज्याला सरसकट आरव्ही म्हणतात ते चाकांवरचं घर अमेरिकन साहित्यात ऐटीत शिरलं ते या पुस्तकातून. देशाला घड्याळाच्या उलट दिशेने एक वळसा, सुमारे १०,००० मैल. नंतरच्या सहा दशकांत आरव्ही घेऊन किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत निघालेल्या प्रत्येकाच्या मनात हे पुस्तक, वाचलेलं असो वा नसो, थोडंफार असतंच.

प्रवासाच्या पुस्तकाचं परीक्षण करताना आपण भाषा बघतो, भेटलेली माणसं बघतो, निरीक्षणं किती ताजी आहेत ते बघतो. रस्ता मात्र गृहीत धरतो. लेखक इथून तिथे गेला, बस. खरं तर कादंबरीत जे काम कथानक करतं ते अशा पुस्तकात रस्ता करतो, आणि कथानकाइतकाच तो कुणीतरी रचलेला असतो.

याचा विचार मला माझ्या धंद्यामुळे सुचतो. १९५६ साली एड्सखर डायक्स्ट्रा हा तरुण डच संगणकतज्ज्ञ होणाऱ्या बायकोबरोबर ॲम्स्टरडॅमच्या एका कॅफेत कॉफी प्यायला बसला होता. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला सर्वांत जवळच्या वाटेने कसं जायचं हे काढण्याची रीत त्याला तिथे वीस मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय सुचली. आजच्या फोनमधल्या नकाशांच्या तळाशी त्याच विचाराचे वंशज आहेत. (योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेत ४१,००० मैलांचं इंटरस्टेट महामार्गांचं जाळं विणायचा कायदा झाला.) या रीतीला आधी एकच गोष्ट द्यावी लागते: रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याची किंमत. मैल धरा, तास धरा, पेट्रोल धरा, भीती धरा, काहीही धरा. पण काहीतरी धरल्याशिवाय ती पाऊल उचलत नाही. लेखकही उचलत नाही. मात्र लेखक आपलं दरपत्रक सहसा छापत नाही, वाचकाला ते वळणावळणांवरून काढावं लागतं. आणि ते काढलं की पुढचा प्रश्न येतो: हे दर ठरवायची मुभा या माणसाला कुणी दिली?

स्टाईनबेकचं दरपत्रक वरवर साधं आहे. मोठा रस्ता महाग, लहान रस्ता स्वस्त. हे रुंद महामार्ग देशभर झाले की न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला काहीही न बघता पोचता येईल, असं तो चिडून म्हणतो, आणि ते वाक्य तेव्हापासून आरव्हीवाल्यांच्या तोंडी आहे. पण त्याचा प्रत्यक्ष रस्ता या वाक्यापेक्षा चमत्कारिक आहे. हिवाळा मागे लागलेला असताना तो पश्चिमेला न वळता आधी थेट वर जातो, मेनच्या उत्तर टोकाला, बटाट्याच्या मुलखात. विक्रेत्याच्या गणितात हा शुद्ध तोटा. तो कारण देतो ते आकाराचं: नकाशाच्या माथ्यापासून सुरुवात केली की प्रवासाला एक रचना येईल. पुस्तक लिहायला बसण्याच्या कितीतरी आधी तो रस्त्यावरच पुस्तक रचतो आहे. मला ही कबुली आवडते. ज्याला घाई आहे त्याने अशी माणसं सोबत घेऊ नयेत, पण वाचायला तीच बरी.

मग नायगारा येतं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातून आडवं गेलं की डेट्रॉईट जवळ पडतं. आजही न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाहून मिशिगनला निघालं तर नकाशा हीच वाट सुचवतो. स्टाईनबेकही तिकडे वळला आणि अडला, कारण चार्लीच्या रेबीजच्या लशीचा दाखला जवळ नव्हता. कॅनडात घेतील, पण परत येताना आपलेच लोक कुत्र्याला आत सोडणार नाहीत. चिडून तो मागे फिरला आणि जो टाळायचा होता त्याच महामार्गाला लागून ईरी सरोवराच्या काठाने ट्रकांच्या रांगेत घुसला. पुढे मिनियापोलिस–सेंट पॉल ही जुळी शहरं बघायची म्हणून त्याने तयारी केली होती. ट्रकांच्या लोंढ्याने त्याला असा काही वाहून नेला की शहरं कधी आली नि गेली ते त्याला कळलं नाही. पुस्तकातली सर्वांत जिवंत पानं माझ्या मते हीच. मोंटानाच्या प्रेमात पडल्याचा प्रसिद्ध भाग मला त्यापुढे प्रेमपत्रासारखा वाटतो: खरा असेल, पण लिहिणाऱ्यालाच जास्त आवडलेला.

स्टाईनबेकच्या रस्त्याचा हिशेब दुसऱ्या एकाने फारच कसून तपासला आहे. बिल स्टायगरवाल्ड या पिट्सबर्गच्या पत्रकाराने २०१० मध्ये तोच मार्ग पुन्हा पिंजून काढला, पत्रं आणि मूळ हस्तलिखित ताडून पाहिलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे रोसिनांतेत एकट्याने काढलेल्या रात्री थोड्याच; बऱ्याच रात्री हॉटेलांत, मोटेलांत गेल्या. पत्नी एलेन सिएटलला येऊन मिळाली आणि पश्चिम किनाऱ्यावर सोबत होती. छापील पुस्तकात तिथे ती जवळजवळ नाहीच. नॉर्थ डकोटात ज्या रात्री उघड्यावर मुक्काम करून एका फिरत्या नटाशी गप्पा मारल्याचं लिहिलं आहे, त्या रात्री तो पत्रात मोटेलाविषयी लिहीत होता. २०१२च्या सुवर्णमहोत्सवी आवृत्तीच्या प्रस्तावनेत जे परिनी या चरित्रकारालाही बजावावं लागलं की हे पुस्तक शब्दशः घेऊ नका.

यावर दोन गट पडले. एकाला ही शुद्ध फसवणूक वाटते. दुसरा खांदे उडवून म्हणतो, लेखक कादंबरीकार होता, चालायचंच. मला नट खोटा असण्याचं फारसं दुःख नाही. माझी तक्रार रस्त्याची आहे. शिकागोपासून सिएटलपर्यंत हा माणूस भलत्याच वेगाने पळतो. ज्याला लहान रस्ते हवेत, सावकाश बघायचं आहे, तो अर्धा खंड असा का उरकतो, याचं कारण पुस्तकात सापडत नाही. ते पुस्तकाबाहेर सापडतं: पलीकडे बायको येणार आहे. यात लाजण्यासारखं काय होतं? उलट पन्नाशी उलटलेला, आजारी, एकटेपणाला कंटाळलेला नवरा बायकोला गाठायला रॉकी पर्वत ओलांडतो आहे, हे किती चांगलं पुस्तक झालं असतं! त्याने दरपत्रकातली सर्वांत मोठी किंमत खोडली आणि तिच्या जागी स्वातंत्र्य लिहिलं.

न्यू ऑर्लिन्सचा भाग मात्र कुणी कितीही झोडपला तरी उभा राहतो. १९६०च्या नोव्हेंबरपासून तिथल्या विल्यम फ्रांट्झ शाळेत सहा वर्षांची रूबी ब्रिजेस ही काळी मुलगी मार्शलांच्या पहाऱ्यात जात होती, आणि रोज सकाळी गोऱ्या बायका जमून तिच्यावर ओरडत होत्या. त्या बायकांना वर्तमानपत्रांनी 'चीअरलीडर' म्हणायला सुरुवात केली होती. ते बघायला स्टाईनबेक मुद्दाम वाट वाकडी करून गेला. न्यूयॉर्कची नंबरप्लेट असलेला ट्रक तिथे न्यायची त्याला भीती वाटली, म्हणून तो दूर लावून टॅक्सीने गेला. पुढे रस्त्यात त्याने एका वृद्ध काळ्या माणसाला गाडीत घेतलं. गप्पा काढल्या, प्रश्न विचारले. म्हातारा अस्वस्थ होत गेला, शेवटी उतरून चालू लागला. अनोळखी गोऱ्याच्या आलिशान घरगाडीत बसण्यापेक्षा पायी जाणं त्याच्या हिशेबात स्वस्त होतं. स्टाईनबेकला हे समजतं, आणि ते तो लपवत नाही. त्याच काळात हार्लेमच्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपालखात्यातल्या माणसाने १९३६ मध्ये सुरू केलेलं 'ग्रीन बुक' अजून निघत होतं. काळ्या प्रवाशाला कुठल्या गावात खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, कुठे पेट्रोल, याची ती यादी. या एका प्रसंगात दोन दरपत्रकं एका गाडीत बसली होती, आणि बाकीच्या १०,००० मैलांत स्टाईनबेकच्या इतकं जवळ दुसरं कुणी आलं नाही.

जॅक केरुअ‍ॅकचं 'ऑन द रोड' १९५७चं. त्यात आरव्ही नाही, पण मार्ग निवडण्यावरचं सर्वांत झणझणीत भाष्य त्याच्या पहिल्याच काही पानांत आहे, म्हणून त्याला वगळता येत नाही. निवेदक महिनोन् महिने नकाशे चाळतो. त्याला रूट सहा ही लांबलचक लाल रेघ सापडते, पूर्व टोकाच्या केप कॉडपासून थेट पश्चिमेपर्यंत. एक रेघ, एक रस्ता, गोंधळ नाही. तो ती धरायला उत्तरेला जातो, बेअर माउंटनच्या पुलाशी पावसात भिजत उभा राहतो, आणि लक्षात येतं की या रस्त्याला गाड्याच नाहीत. मुकाट परत न्यूयॉर्क, आणि खिशातल्या पैशांतले बरेचसे खर्चून शिकागोची बस. मोकळ्या रस्त्याचं उपनिषद म्हणून मिरवलेलं पुस्तक बसच्या तिकिटाने सुरू होतं! केरुअ‍ॅकचे भक्त हे विसरतात. पुढे पुस्तक पसरट होतं, त्यातल्या बायकांविषयी न बोललेलं बरं. पण ही सुरुवात पक्की आहे.

मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये वरसईहून निघाले ते मथुरेला बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, या हिशेबाने. रस्त्यात बंड भेटलं आणि भटजी झाशीच्या वेढ्यात अडकले. 'माझा प्रवास' हे आपलं सर्वोत्तम प्रवासवर्णन ठरलं ते ठरवलेला रस्ता मोडला म्हणून.

विल्यम लीस्ट हीट-मूनच्या 'ब्लू हायवेज'वर मात्र मी सावकाश बोलणार आहे, कारण ते माझं आवडतं आहे आणि त्याचाच मला राग येतो. १९७८चा वसंत. मिसुरीतल्या कोलंबिया गावी इंग्रजी शिकवणाऱ्या या माणसाची नोकरी जाते, बायको आधीच वेगळी झालेली. तो आपल्या फोर्ड व्हॅनमध्ये बिछाना टाकतो, तिला 'घोस्ट डान्सिंग' नाव देतो आणि निघतो. नियम सुरुवातीलाच सांगून टाकतो: जुन्या नकाशांत मोठे रस्ते लाल आणि आडरस्ते निळे असत, मी निळ्यावरून जाणार. घड्याळाच्या दिशेने वर्तुळ, सुमारे १३,००० मैल, ३८ राज्यं. मध्ये गावं निवडायची ती बऱ्याचदा नावावरून. टेनेसीत नेमलेस नावाचं गाव आहे म्हणजे जायलाच हवं. टेक्सासात डाइम बॉक्स आहे म्हणजे तिथेही. खाणावळ चांगली की वाईट हे तो भिंतीवरच्या कॅलेंडरांच्या संख्येवरून ठरवतो. चार-पाच कॅलेंडरं असली की गावातली सगळी दुकानं इथे जेवतात असं समजायचं.

इंजिनिअरला हे का आवडतं ते उघड आहे. नियम आधी जाहीर, मग त्यांचा परिणाम काय येईल तो येवो. कॅलेंडरांची युक्ती तर इतकी सुबक आहे की पंचतारांकित रेटिंग बनवणाऱ्यांनी शरमावं. माणसं बोलतात तेव्हा तो मध्ये पडत नाही, त्यांचं बोलणं पानोपानी वाहू देतो. स्टाईनबेकला भेटलेली माणसं बरेचदा स्टाईनबेकसारखं बोलतात. हीट-मूनची माणसं आपापल्या गावासारखी बोलतात. सेल्मात तो काळ्या तरुणांशी बोलतो, आणि मार्टिन ल्यूथर किंगच्या मोर्च्यांनंतर तिथे काय बदललं हे त्याला त्यांच्याकडून ऐकायचं असतं. उत्तर सुखद नाही, आणि तो ते गोडही करत नाही.

२०१५ मध्ये रँडी ओल्सन या संशोधकाने खालच्या ४८ राज्यांतली ५० प्रेक्षणीय स्थळं घेऊन जेनेटिक अल्गोरिदमने जवळजवळ सर्वोत्तम फेरा काढला. १३,६९९ मैल, सुमारे २२४ तासांचं ड्रायव्हिंग. तो नकाशा जगभर फिरला. आमच्या ऑफिसच्या चॅटवरही कितीदा तरी आला. हीट-मूनने जवळपास तेवढ्याच मैलांत दहा राज्यं कमी केली आणि सुमारे तीन महिने घेतले. आकडे शेजारी ठेवले की कोण शहाणा हे ठरवायचा मोह होतो, पण ओल्सनचा नकाशा गंमत म्हणून केलेला होता आणि तसाच तो छान आहे. त्याला खलनायक करून रस्त्याच्या कवितेचा जयजयकार करणं हे फार स्वस्तातलं काम आहे.

राग येतो तो दुसऱ्या कारणाने. नोकरी गेली म्हणून रस्ता धरला, ही या पुस्तकाची कळ. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा एच-वन-बी व्हिसावर होतो, अजूनही आहे. आमच्यातल्या कुणाची नोकरी गेली तर नवा मालक शोधायला, व्हिसा बदलायला किंवा देश सोडायला ६० दिवस मिळतात. ६० दिवसांत नेमलेस गावाला जाता येतं, अगदी आरामात. जाईल कोण? हीट-मून हरलेला, पैशाने बेताचा आणि आतून मोडलेला असतो, ते सगळं खरं आहे. पण देशाने त्याला गमावायची भीती त्याला नाही, आणि ती नाही हे त्याच्या लक्षातही येत नाही. निळा रस्ता निवडायला आधी परत यायची जागा पक्की लागते. त्याचं वर्तुळ कोलंबियातच मिटतं.

आम्ही चौघांनी न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियाला भाड्याच्या २५ फुटी आरव्हीने जायचं ठरवलं, तेव्हा हे पुस्तक माझ्याकडे होतं आणि स्प्रेडशीट एका मित्राकडे. त्याची तिकडे बदली होती, बाकीचे हौशी. स्प्रेडशीटमध्ये आधी नेहमीचे रकाने होते: मैल, गॅलन, कॅम्पचं भाडं, चढ किती. मग आरव्हीचे रकाने आले. घराची उंची ११ फुटांच्या वर, तेव्हा न्यूयॉर्ककडचे कमी उंचीच्या पुलांचे पार्कवे बाद. (नॉर्थ कॅरोलिनात डरहॅमला ११ फूट ८ इंचांचा एक रेल्वेपूल होता, त्याखाली छप्पर सोलून घेणाऱ्या ट्रकांचे व्हिडिओ बघून आम्ही भाड्याचा विमा वाढवला. २०१९ मध्ये तो आठ इंच उचलला, तरी छपरं सोलली जातातच.) पोटात प्रोपेनचा सिलिंडर, म्हणून काही बोगदे बाद. ग्लेशियर नॅशनल पार्कमधला 'गोइंग टू द सन' रस्ता २१ फुटांहून लांब गाडीला बंद, म्हणून तोही गेला.

शेवटी आणखी एक रकाना आला, त्याला कुणी नाव दिलं नाही. ओंटारिओची जवळची वाट खोडली, कारण भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो; चार्लीला एक दाखला लागत होता, आम्हाला चौघांना चार. दक्षिणेची आय-१० हिवाळ्यात उबदार, चढ कमी, डोक्याला ताप नाही. पण टेक्सासात सिएरा ब्लँकाशी त्या रस्त्यावर बॉर्डर पेट्रोलची कायमची चौकी आहे. कायद्याने आम्हा सगळ्यांना कागद कायम जवळ बाळगावेच लागतात आणि ते होतेही. बेकायदा काही नव्हतं. तरी एकाचं स्टेटस बदलण्याचा अर्ज प्रलंबित होता. त्याने शांतपणे म्हटलं, वरून जाऊ. आम्ही आय-८० घेतला, टीनेकपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतचा २,९०० मैलांचा. वायोमिंगमध्ये वारा इतका की उंच, हलक्या गाड्यांना रस्ता बंद केल्याची पाटी लागली आणि आम्ही एका ट्रकथांब्यावर दीड दिवस खिचडी खात बसलो. कुणी कुरकुर केली नाही. वाऱ्याने थांबवणं कितीतरी सन्मानाचं वाटतं.

जेसिका ब्रुडरचं 'नोमॅडलँड' (२०१७) वाचताना हा निनावी रकाना मला पुन्हा भेटला. घर सोडावं लागलेली, साठी-सत्तरीतली माणसं व्हॅन आणि जुन्या आरव्हींमध्ये राहतात आणि हंगामाप्रमाणे देशभर फिरतात. उन्हाळ्यात सरकारी जंगलात कॅम्पची देखभाल, शरदात नॉर्थ डकोटाकडे शुगर बीटची काढणी, नाताळाआधी ॲमेझॉनच्या गोदामात पाळ्या, कडक थंडीत ॲरिझोनातलं क्वार्टझाइट. नकाशावर आखलं तर हाही देशाला घातलेला एक भला मोठा वळसाच, स्टाईनबेकपेक्षा लांब. पण प्रत्येक वळण मजुरीने ठरलेलं. साखरेच्या पिकामागे कुटुंबासह निघणारी माणसं मराठी वाचकाला सांगायला नकोत. आपल्याकडे जोडप्यालाच 'कोयता' म्हणतात. इथे मुकादम नाही, उचल नाही, आणि माणसं आपल्याला मजूर न म्हणता प्रवासी म्हणवून घेतात. ब्रुडरचं मोठेपण हे की ती या शब्दाची थट्टाही करत नाही आणि त्याला भुलतही नाही. पुस्तकाची नायिका लिंडा मे एका चिमुकल्या ट्रेलरला जीप जोडून सॅन बर्नार्डिनोचा घाट चढते तिथे पुस्तक सुरू होतं, आणि पहिल्या पानापासून आपल्याला चढ, ब्रेक आणि वजन यांची काळजी वाटू लागते. क्लोई झाओच्या २०२०च्या चित्रपटात फ्रान्सेस मॅकडॉर्मंड अप्रतिम आहे आणि सूर्यास्त जरा जास्त आहेत. कामाच्या पाळ्यांमधला रस्ता पडद्यावर मोकळा दिसू लागतो. ऑस्कर मिळाले, बरं झालं. पण पुस्तकातला हिशेब तिथे पुसट झाला.

आणि हे सगळं स्टाईनबेकला माहीत होतं, हीच खरी गोम. १९३९च्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'मध्ये त्यानेच जोड कुटुंबाला ओक्लाहोमातून रूट ६६वर आणलं होतं. छत कापून ट्रक केलेली जुनी हडसन, तिच्यावर गाद्या, भांडी, म्हातारे, पोरं. चाकांवरचं घर त्याने २१ वर्षं आधीच लिहिलं होतं. तिथे मार्ग फळबागांच्या हँडबिलाने आणि बँकेच्या ट्रॅक्टरने ठरवला. रोसिनांते घेऊन तो १९६०मध्ये त्याच ६६वरून उलट्या दिशेने आला: मोजावेचं वाळवंट, मग फ्लॅगस्टाफ, विन्स्लो, हॉलब्रुक. ज्या रस्त्याने त्याला मोठं केलं तो पट्टा 'चार्ली'मध्ये भराभर गावांची नावं मोजत उरकला आहे. थकवा असेल. पण मी ते पान जेव्हा वाचतो तेव्हा वाटतं, समोरून हडसन येत असावी आणि याने नजर चुकवली.

व्हर्जिनियातल्या ॲबिंग्डनजवळ, वाऱ्याच्या एका दुपारी चार वाजता, प्रवास संपला असं तो लिहितो. घर अजून शेकडो मैल दूर होतं. त्यानंतरचे रस्ते त्याला आठवत नाहीत, आठवायचेही नाहीत. आता फक्त अंतर होतं. निदान इथे त्याने दरपत्रक पूर्ण उघडं केलं: थकलेल्या माणसाला जवळचा रस्ता हवा असतो, मोठा, सरळ, काहीही न दिसणारा. तो न्यू जर्सीत पोचला आणि हॉलंड बोगद्याशी पोलिसाने त्याला बाजूला घेतलं. पोटात गॅस होता, आत जाता येणार नाही. होबोकेनहून फेरीबोटीने तो मॅनहॅटनमध्ये उतरला, गर्दीत चुकीच्या गल्लीत वळला आणि गाडी कडेला लावून हसत सुटला. प्यायलास का, म्हणून पोलीस आला. सबंध देश फिरून आलो आणि स्वतःच्या गावात हरवलो, असं याने सांगितलं. पोलीस म्हणाला की त्यात काय, तो स्वतः शनिवारीच ब्रुकलिनमध्ये हरवला होता.